भाताचा आलेख

प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं, पुस्तकातलं गणित नको, घरातला प्रश्न घ्या. मुलांना मोजू द्या, आलेख काढू द्या, सूत्र त्यांचं त्यांना सापडू द्या. सांगणाऱ्याचं काय जातं! द्वारका चौकाजवळच्या आमच्या शाळेत नववीचा वर्ग म्हणजे मासळीबाजार. तरी मी प्रश्न दिला: घरात माणसं किती आणि रात्रीच्या भाताला तांदूळ किती?

पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. जो तो आपल्या घरच्या वाटीने मोजून आलेला, त्यामुळे फळ्यावर ठिपके वाट्टेल तिथे. मग मीच चहाचे सारखे कागदी कप वाटले. दुसऱ्या दिवशी ठिपके शहाण्यासारखे एका रेषेत आले. माणशी साधारण एक कप. पोरांनी टाळ्या पिटल्या आणि मलाही भरून आलं.

"बाई, तुमचं राहिलं," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

मीही मोजलं होतं. हे गेल्यापासून घरात मी एकटीच, पण तांदूळ घेताना हात आपला सवयीने चालतो. तांदूळसुद्धा अजून घोटीच्या बाजारातलाच आणते, ह्यांच्या आवडीचा. माणूस एक, कप दोन, असं सांगून मी ठिपका काढला. तो रेषेच्या बराच वर जाऊन बसला.

"एका माणसाला येवढा भात? बाई, तुम्ही लय खाता!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग हसला, मीही हसले. उरलेला भात मी रोज सकाळी फोडणी देऊन खाते. इतके दिवस मला वाटत होतं, मला तो आवडतो.

"पुसू का, बाई? तो बसत नाय," एक जण म्हणाला.

"न बसणारा ठिपका पुसायचा नसतो," मी म्हटलं, "तो का बसत नाही ते शोधायचं." शिकवण्याच्या भरात बोलून गेले.

पहिल्या बाकावरची ती मुलगी उठून फळ्याशी आली. "बाई, तुमची माणसं मोजायला चुकली. दोन धरा, बरोबर बसतं." तिने माझा ठिपका पुसून दोनावर काढला. तो अगदी रेषेवर आला.

"हो की," मी म्हटलं. खरं काय ते सांगावंसं वाटलं, पण तो ठिपका मी तसाच राहू दिला.

पुढचा तास इतिहासाचा होता. सरांनी येऊन फळा पुसेपर्यंत आमच्या घरात आम्ही दोघं होतो.