तांबोळी मॅडम आणि कटल्याच्या पोटातला जंत

तांबोळी मॅडमची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. जुन्नरच्या कॉलेजात मी मराठी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते आणि स्टाफरूममधल्या कुठल्या खुर्चीवर बसलं तर कुणी उठवणार नाही याचा अंदाज घेत उभी होते. एवढ्यात एक ठेंगण्या, जाड चष्म्याच्या बाई समोर आल्या, माझी हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला आणि अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढून आत बघितलं.

"फिकट आहे," त्या म्हणाल्या. "जिना चढताना धाप लागते ना?"

लागत होती. कळंबहून एसटीनं उभं राहून यायचं आणि वर दोन जिने, धाप कुणालाही लागली असती. पण ते सांगायचं धाडस झालं नाही.

"पालेभाज्या खा. खजूर खा. आणि मासे खात असाल तर सांगा, चांगले मिळवून देते."

"आमच्या घरी मासे शिजत नाहीत," मी म्हणाले.

"तरीच," त्या म्हणाल्या, आणि मग ओळख करून दिली. झुऑलॉजी.

पापणी ओढायची ही सवय त्यांना माशांमुळे लागली होती. माशाला ओढायला पापणी नसते, म्हणून त्याचा कल्ला उचलून बघायचा. लालभडक असला तर मासा ठणठणीत, गुलाबी-पांढुरका दिसला तर त्याच्या रक्तात काहीतरी कमी आहे आणि बहुधा पोटात कुणीतरी पाहुणा बसलाय, असं त्यांचं शास्त्र. माणसांच्या बाबतीत त्या कल्ल्याऐवजी पापणी उचलत, एवढाच फरक. प्राचार्यांपासून शिपायांपर्यंत कुणीही यातून सुटलेलं नव्हतं.

एम.एस्सी. त्यांनी कोकणात केली. तिथं खाडीतल्या बोय माशांचं रक्त आणि त्या माशांच्या आतड्यांतले जंत त्यांनी तपासले होते. मग लग्न होऊन जुन्नरला आल्या, तांबोळ्यांच्या मोठ्या, पानाच्या धंद्यातल्या घरात. "समुद्र सुटला," असं त्या कधीकधी म्हणत, पण त्यात रडगाणं नसे. इथं समुद्र नव्हता तर धरण होतं, बोय नव्हता तर कटला, रोहू, मरळ होते, आणि जंत तर कुठंही मिळतात. पीएच.डी.चा विषय त्यांनी तोच धरला, फक्त पाणी बदललं.

जंतांविषयी त्या ज्या मायेनं बोलत, ती माया मी फारच थोड्या लोकांच्या तोंडी माणसांविषयी ऐकली आहे. "अहो, याला तोंड नाही, पोट नाही, डोळे नाहीत," बाटलीतला चपटा जंत उजेडात धरून त्या आम्हाला सांगत. "तरी अख्खा संसार चालवतो. नाहीतर आपण. जरा दूध नासलं की दिवसभर चिडचिड." आम्ही डबे बंद करत असू. त्यांच्या घरच्या फ्रिजमध्ये माशांच्या रक्ताच्या कुप्या असत आणि त्याच फळीवर सासूबाईंचं दही. सासूबाई, अख्खा मोहल्ला ज्यांना खाला म्हणजे मावशी म्हणायचा, त्या दह्यावरून सुनेशी वर्षानुवर्षं भांडत होत्या. शेवटी त्यांनी दह्याच्या भांड्याला सुतळीनं फडकं बांधायला सुरुवात केली आणि सुतळीची गाठ रोज तपासायच्या. सून शिकलेली आहे याचा त्यांना अभिमान होता, पण ती नेमकं काय शिकली आहे हे त्या पाहुण्यांना कधी सांगत नसत.

मॅडमना मासे पुरवायची ठकूबाई. तिचा नवरा धरणात जाळं टाकायचा आणि ती रविवारच्या बाजारात मासे विकायची. रक्त काढायचं तर मासा जिवंत हवा, म्हणून मॅडम सकाळीच धरणावर जायच्या. आतडी मात्र बाजारात मिळत. ठकूबाई मासा फाडून देई, गिऱ्हाईक मासा घेऊन जाई, आणि आतडी मॅडमच्या स्टीलच्या डब्यात पडत. मी एकदोनदा त्यांच्याबरोबर गेले होते. दोघींचं बोलणं ऐकायला मजा यायची.

"मॅडम, तुमचं पीएच.डी. कवा व्हनार?"

"जंत म्हणतील तेव्हा."

"माजी सून बाळंत व्हऊन पोरगं चालाया लागलं. तुमचं आपलं अजून आतडीच चाललंय."

बाजार व्यवस्थित चालू होता, तोवर एका रविवारी तो कटला आला. पोट फुगलेला, अंगानं वाळलेला. ठकूबाईनं विळीवर त्याचं पोट फाडलं आणि आतून पांढरी, चपटी, परकराच्या नाडीएवढी लांब पट्टी बाहेर आली आणि हळूच वळवळली. दुसरं कुणी असतं तर ती गुपचूप डब्यात ढकलली असती. मॅडम इतकी वर्षं नेमका हाच जंत शोधत होत्या. त्यांनी तो दोन बोटांत धरून डोक्याच्या वर उचलला आणि भर बाजारात म्हणाल्या, "माशाअल्ला! ठकूबाई, बघ तरी, काय देखणा आहे!"

बाजारानं बघितला. कटला विकत घेतलेल्या बाईनं पिशवी तिथंच टाकली आणि ती गेली. तिच्या मागून बाकीचे गेले. मॅडमच्या लक्षात आलं तेव्हा त्यांच्या हातात जंत होता आणि समोर कुणी नव्हतं.

पुढच्या रविवारपर्यंत ही बातमी आळेफाट्यापर्यंत पोचली, आणि वाटेत वाढत गेली. धरणाच्या माशांत साप निघतात. खाल्ले की माणसाच्या पोटात जंत होतो आणि तो रक्त पितो. कॉलेजच्या मॅडमनीच सांगितलंय. ठकूबाईचे मासे संध्याकाळपर्यंत टोपलीत तसेच राहिले, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. धरणावरची सगळीच घरं अडली. ठकूबाई मॅडमना फक्त एवढंच म्हणाली, "तुमी आनंद करत व्हता, मॅडम. पन त्यो आनंद आमच्या पोटावर आला." मॅडमनी ते वाक्य मला स्टाफरूममध्ये सांगितलं आणि त्या दिवशी त्यांनी कुणाचीही पापणी ओढली नाही.

मग मच्छीमार सोसायटीचे चेअरमन कॉलेजात आले. उंच, पांढऱ्या टोपीचे, बोलायला अतिशय गोड गृहस्थ. प्राचार्यांनी त्यांना आणि मॅडमना समोरासमोर बसवलं, आणि मराठीच्या बाई आहेत, शब्द जुळवून देतील, म्हणून मलाही बोलावलं.

"मॅडम, आमी तुमच्याशी भांडाया आलो न्हाई," चेअरमन म्हणाले. "आमी रिक्षाला भोंगा लावतो. तुमी फक्त भोंग्यावर म्हना, ते आतडं व्हतं. जंत नव्हता. लोकं तुमचं ऐकत्यात."

"पण तो जंत होता," मॅडम म्हणाल्या.

"व्हता हो. आमाला ठावं हाय. आमी पिढ्यान् पिढ्या बघतोय, काढतो न् फेकून देतो. कुनाला काय झालंय का?"

"नाही. आणि होणारही नाही."

"मग झालं की. आतडं म्हना."

प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "मॅडम, दोन ओळी तर आहेत." मला खरंच तसं वाटत होतं. ठकूबाईची टोपली डोळ्यांसमोर होती, आणि एक आतडं म्हटल्यानं कुणाचं काय बिघडणार होतं?

सोसायटीनं मनावर घेतलं असतं तर मॅडमना धरणावर पुन्हा एकही मासा मिळाला नसता, आणि इतक्या वर्षांचं काम तिथंच संपलं असतं. हे त्यांना ठाऊक होतं आणि चेअरमनना तर होतंच. तरी त्या म्हणाल्या, "चेअरमनसाहेब, जंत आणि आतडं यातला फरक मला कळत नाही असं मी भोंग्यावरून सांगितलं, तर उद्या मासा खायला चांगला आहे असं मी म्हटल्यावर तरी कोण ऐकेल? मला ठकूबाईशेजारी बसू द्या. प्रत्येक मासा मी गिऱ्हाइकासमोर उघडते. जंत निघाला तर तो जंत आहे असंच सांगीन."

"म्हंजी परत दावनार?"

"परत दाखवणार."

चेअरमननी टोपी काढून डोकं खाजवलं. "दावा मग," ते म्हणाले. "अजून काय बुडायचं ऱ्हायलंय?"

पुढच्या रविवारी पदर खोचून मॅडम ठकूबाईच्या शेजारी पाटावर बसल्या. गर्दी जमली, पण ती तमाशा बघायला. प्राध्यापक बाई मासे फाडताहेत, हे जुन्नरला नवीन होतं. मॅडम एकेक मासा घेत, आधी कल्ला उचलून दाखवत, मग पोट उघडत. कल्ला फिकट आणि अंगानं वाळलेला मासा बाजूला ठेवत. "हा आजारी आहे, हा विकायचा नाही, हा माझा." लाल कल्ल्याच्या, धडधाकट माशातही जंत निघाला की तो सगळ्यांना दाखवत आणि वर्गात बोलायच्या तशाच सुरात सांगत: "हा माशाचा जंत. याला पुढं पाणकावळ्याच्या पोटात जायचं असतं, तिथंच याची अंडी होतात. माणसाच्या पोटात याचं काही काम नाही. पोट साफ करा, मासा धुवा, नीट शिजवा आणि खुशाल खा."

लोक मान डोलवत होते, एकमेकांना कोपरानं ढोसत होते आणि विकत काही घेत नव्हते. ऊन चढलं. ठकूबाई मासळीवर पाणी शिंपडत होती आणि मॅडमकडे बघत नव्हती. मला तर उठून घरी जावंसं वाटायला लागलं.

तेवढ्यात गर्दीतून खाला आल्या. त्या बाजारात सहसा येत नसत, पोरं यायची. अंगावर चादर, हातात पिशवी. सून मासळीत बसलेली बघून त्या आता काय बोलतात, म्हणून आसपासचे पानवालेसुद्धा दुकानातून वाकून बघायला लागले. खालांनी सुनेकडे बघितलंच नाही. त्या ठकूबाईला म्हणाल्या, "ए ठकू, जंत निघालेला मासा कुठला?"

ठकूबाईनं घाबरत बोट केलं.

"तोच दे मला."

"खाला, दुसरा देते की चांगला."

"तोच दे म्हनते ना. माझ्या सुनेनं उघडून बघितलाय. जंत गेला तिच्या डब्यात, आता माशात काय ऱ्हायलं? तू न बघितलेला देशील, त्यात अजून असंल." मग गर्दीकडे वळून त्या म्हणाल्या, "माझ्या घरात दह्याच्या शेजारी ह्या पोरीनं काय काय आनून ठेवलंय, ते मला इचारा. मेलं का कुनी? माझ्याकडं बघा, मी मेलेली दिसते का?"

लोक हसले. खाला दिसायला चांगल्या खणखणीत होत्या. मॅडमनी खाली मान घालून तो मासा धुतला, तुकडे केले आणि सासूच्या पिशवीत घातले. त्यांच्या चष्म्यावर पाणी उडालं होतं. ते माशाचंच होतं असं त्या मला नंतर म्हणाल्या, आणि मी ते मानून घेतलं.

खालांच्या मागोमाग एका गवंड्यानं रोहू घेतला. मग एका मास्तरांच्या बायकोनं. संध्याकाळी टोपली रिकामी झाली नाही, पण तळ दिसला. त्यापुढच्या कितीतरी रविवारी मॅडम तिथं बसत होत्या आणि हळूहळू गंमत अशी झाली की लोक पोट उघडून दाखवल्याशिवाय मासा घेईनात. बाहेरून बर्फातले मासे घेऊन येणारा एक व्यापारी "कशाला उघडू, ताजा आहे" म्हणाला, तर गिऱ्हाईक त्याला सोडून ठकूबाईकडे आलं. चेअरमन कॉलेजात पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, भोंग्याचं ते मनावर घिऊ नका." मॅडमनी पेढा घेतला आणि त्यांची पापणी ओढली.

पीएच.डी. झाली, पुढच्या काही वर्षांत. मीही मासे खायला लागले, आधी मॅडमच्या घरी, मग स्वतःच्या. आमच्याकडे अजून वेगळी कढई आहे. निवृत्त झाल्यावर मॅडम पुण्याला मुलीकडे गेल्या आणि तिथंच थोड्या आजारानं गेल्या. मला त्यांची फार आठवण येते, आणि ती बहुतेक वेळा हसू आणते. एवढं सुखानं आठवता येणारं माणूस आयुष्यात भेटलं, याचं मला बरं वाटतं.

त्या गेल्यानंतरच्या एका रविवारी मी बाजारात गेले. ठकूबाई आता थकली होती, विळीवर सून बसायची, पण मला मासा तीच द्यायची. मला एसटी गाठायची होती. मी म्हणाले, "ठकूबाई, उघडून दाखवत बसू नको आज. पटकन कापून पिशवीत घाल. तुझ्यावर माझा विश्वास आहे."

ठकूबाईनं मासा कापला नाही. सुनेच्या हातातून घेऊन माझ्यासमोर धरला, कल्ला उचलला, मग पोट फाडून दोन्ही हातांनी नीट उघडलं.

"इस्वास हाय म्हनूनच दावते, बाई," ती म्हणाली. "बघा."