येल्त्येचा खडूचा बाण

नेदरलँड्समधल्या फ्रिसलंडमधलं आमचं गाव समुद्राहून खाली. शेतातलं पाणी वर कालव्यात चढवणारा मोठा फिरता स्क्रू आहे; त्याच्या मोटारीचं वाइंडिंग, म्हणजे आतली तार गुंडाळायचं काम, चाळीस वर्षं आमची येल्त्येच करते. मोटार कुठल्या दिशेला फिरावी त्याचा बाण ती खडूने काढते, मी त्याप्रमाणे वायरी जोडतो. आज भर पावसात तिने नव्याने गुंडाळून दिलेल्या मोटारीचं बटण दाबलं, तर कालव्याचंच पाणी खाली शेतात यायला लागलं!

“अगं बाई, गाव बुडवतेस का?” मी बटण बंद करत ओरडलो.

“गप रे. बाण मोटारीच्या उलट्या टोकाकडून बघून काढला मी.”

तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल केली, तशी मोटार सुलटी फिरली. येल्त्ये मात्र हातातल्या खडूकडे बघत राहिली.

“शेजारच्या गावालाही परवा एक मोटार दिलीय,” ती म्हणाली. “तिचा बाण कुठल्या टोकाकडून काढला, आठवत नाही.”