सौम्य हवेचा चौकीदार

शंकरसिंग खोटं बोलतो, हे तांड्यात कुणापासून लपलेलं नव्हतं. खुद्द शंकरसिंगनंही ते कधी लपवलं नाही.

दारव्ह्यापासून आठ कोसांवर, डोंगराच्या माथ्यावर एक सरकारी बंगला होता आणि तो तिथला चौकीदार. बंगल्यात वर्षाकाठी चार-पाच माणसं उतरत, तीही मोटार बंद पडली म्हणून. प्रत्येकाला तो वाघाची गोष्ट सांगायचा. पाहुणा भित्रा दिसला तर एक वाघ, बंदूक घेऊन आला असेल तर तीन. अभिप्रायाच्या वहीत 'चौकीदार फार सज्जन' असे सात शेरे होते आणि सातही एकाच हस्ताक्षरात. तिसरीपर्यंत शिकल्याचा त्यानं असा उपयोग करून घेतला होता.

इमान फक्त एका वस्तूशी होतं. अंगणात पाऊस मोजायचं यंत्र होतं: तांब्याचं नरसाळं, खाली बाटली, भोवती तारेचं कुंपण आणि कुंपणाला कुलूप. रोज सकाळी आठ वाजता तो आंघोळ करून, पागोटं बांधून कुलूप उघडायचा, पाणी काचेच्या मापात ओतायचा, मान वाकवून डोळा रेषेशी आणायचा आणि वेधशाळेला जाणाऱ्या कार्डावर आकडा लिहायचा. वर्षातले सात-आठ महिने आकडा शून्य. तरी आंघोळ चुकत नसे.

"माह्याकडं कधी एवढं वाकून पाह्यलं नाही," त्याची बायको जमनी म्हणायची. ती काही वावगं बोलत नव्हती.

छप्पनच्या शेवटी आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला आणि सत्तावन उजाडताच तिकडचा एक साहेब जिल्ह्यात येऊन बसला. त्यानं नकाशावर डोंगर पाहिला, डोंगरावर बंगला पाहिला, आणि इथं थंड हवेचं ठिकाण असून आधीच्या लोकांनी ते दडवून ठेवलं, अशी त्याची खात्री पटली. उन्हाळ्यात या डोंगरावर माकडंही सावलीसाठी भांडतात, हे त्याला सांगणार कोण? त्यानं चौकीदाराला पत्र धाडलं: 'सदर डोंगराळ प्रदेशातील वसंत ऋतूच्या हवामानाचा अंदाज त्वरित कळवावा. उपयोग नसल्यास बंगला बंद करण्याचा विचार आहे.'

दुसरं वाक्य शंकरसिंगनं दोनदा वाचलं. नोकरी गेली की बंगल्यामागची खोलीही जाणार, आणि तांड्यातलं घर भावांनी कधीच आपसात वाटून घेतलं होतं. त्यानं जमनीला पत्र वाचून दाखवलं.

"मंग काय लिवता?" तिनं विचारलं.

"हवा सौम्य हाय, असं लिवतो."

"सौम्य म्हंजे काय?"

"मले बी पक्कं ठाऊक नाही. पन सरकारी कागदावर चांगलं दिसते."

आणि त्यानं लिहिलं: 'वसंतात हवा सौम्य. सकाळी धुके. दुपारी शाल लागते.' शालीचं ऐकून जमनी हसता हसता खाली बसली.

साहेबानं मात्र ते सगळं खरं मानलं. अंदाजाखाली स्वतःची सही ठोकून त्यानं अहवाल मुंबईला पाठवला, अधिकाऱ्यांसाठी इथं उन्हाळी मुक्काम सुरू करावा म्हणून. मार्च अर्धा सरला तेव्हा तो स्वतःच जीप घेऊन आला. गळ्यात लोकरी मफलर होता. दुपारी तो मफलर काढून पिळायची वेळ आली.

"एवढं गरम इथं कधीच नसते साहेब," शंकरसिंग पंखा हलवत म्हणाला. "थे तुमच्या जीपसंग खालून आलं."

हेही साहेबाला पटलं. पण तिसऱ्या दिवशी पहाटे आभाळ काळंठिक्कर झालं आणि लिंबाएवढ्या गारा कोसळू लागल्या. छपराची अर्धी कवेलू फुटली, जीपची काच गेली, साहेब पलंगाखाली गेला. तासाभरानं सगळं शांत झालं. बरोबर आठ वाजता पागोटं बांधून शंकरसिंग कुंपणात शिरला. नरसाळं गारांनी शिगोशीग भरलं होतं. गारा काही मापात ओतता येत नाहीत. त्यानं नरसाळं बाटलीसकट उचलून ओसरीवर आणलं, वर ताटली झाकली आणि गारा विरघळायची वाट पाहत मांडी घालून बसला.

साहेब बाहेर आला. काय चाललंय ते कळल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"शंकरसिंग, आज शून्य लिही."

"काहून साहेब?"

"माझा अहवाल वर गेलाय. हे कार्ड गेलं तर माझी शोभा होईल. तू शून्य लिही, बंगला चालू राहील, तुझी नोकरी राहील. शब्द देतो."

दारात जमनी उभी होती. तिनं डोळ्यांनीच सांगितलं, लिवा. आयुष्यभर फुकट खोटं बोलला, आज पहिल्यांदा त्याची किंमत मिळत होती. शंकरसिंगनं ताटली उचलून पाहिली, शेवटची गार विरघळली होती. त्यानं पाणी मापात ओतलं आणि मान वाकवली.

"साहेब, अंदाज मी मनचाच लिवला होता. शाल तर पार खोटी. वाघ पाह्यजे असन तर दोन वाढवून देतो. पन हे पानी मी मोजून राह्यलो." आणि त्यानं कार्डावर लिहिलं: एक इंच बासष्ट.

साहेब मोठा हुशार. महिन्याभरात त्यानं नवा अहवाल पाठवून स्वतःची सुटका करून घेतली, आणि शंकरसिंगच्या हातात हुकूम पडला: 'सदर ठिकाणी अवकाळी गारपीट होत असल्याने ते राहण्यास अयोग्य ठरते. बंगला बंद करावा. पुरावा: चौकीदार शंकरसिंग याची नोंद, एक इंच बासष्ट.'

त्यानं तो मोठ्यानं वाचला. जमनी भिंतीला टेकून बसली. जायचं कुठं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. तिनं विचारलं, "खरंच एवढं पडलं होतं का? मले वाटलं, थे बी तुमी वाढवूनच लिवलं."

"नाही. तेवढंच होतं."

लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याचं एखादं बोलणं तिला आज पहिल्यांदा खरं वाटलं. सरकारनंही त्याच दिवशी त्याच्यावर विश्वास ठेवला होता. मग ती उठली आणि भांडी पोत्यात भरायला लागली.