झुंबरबाईचा दुप्पट व्यायाम

कुंभार पिंपळगावात खुरपणीला बायका ओळीनं बसल्या, की प्रत्येकीला एक पात धरावी लागते. झुंबरबाईची पात वीस वर्षं सगळ्यांच्या पुढं असायची. यंदा पुढं होती संध्या. धाकटी जाऊ! नागपंचमीपर्यंत बांधावर बसून राहणारी ही बया आता कपाशीतून सरसर पुढं जाते, हे बघून झुंबरबाईचा नुसता जळफळाट व्हायचा.

कारण दुखणं दोघींचं एकच होतं, अंग बाहेर येण्याचं. खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटायचं, उकिडवं बसलं की जास्तच. दोघी एकाच दिवशी बायकांच्या तपासणीच्या शिबिराला गेल्या होत्या. व्यायाम शिकवणाऱ्या अर्शिया मॅडम म्हणाल्या, तीन महिने खालच्या अंगाचा व्यायाम करा, मग पुढच्या शिबिरात तपासू, नाहीच फरक पडला तर डॉक्टर गर्भाची पिशवी काढण्याचं बघतील. पिशवी काढायच्या नावानंच झुंबरबाईला घाम फुटला आणि मॅडमनी पुढं काय सांगितलं ते कानावरून गेलं. पुन्हा विचारता आलं असतं. पण शेजारी संध्या सगळं कळल्यासारखी मान हलवत होती. तिच्यासमोर थोरलीनं अडाणी ठरायचं?

तिथं जोर लावायचा म्हणजे कसा, हे झुंबरबाईला बाळंतपणापुरतंच ठाऊक. श्वास कोंडून, दात खाऊन तिनं तोच जोर लावला. संध्या तीस वेळा करते हे कळल्यावर साठ वेळा. दुखणं वाढतच गेलं. मॅडमनं हिलाच काहीतरी वेगळं सांगितलंय, दुसरं काय!

पुढच्या शिबिराची तारीख महिन्यावर आली, तेव्हा भीती हट्टापेक्षा मोठी झाली. ती तणतणत संध्याच्या दारात गेली.

"तुला त्या मॅडमनं काय सांगितलं गं गुपचूप?"

"गुपचूप कशाला सांगतील? तुमी करून दाखवा बरं, बाई."

झुंबरबाई आडवी झाली. संध्यानं तिच्या पोटावर हात ठेवला आणि एकदम हसली.

"अवं बाई, तुमी तर बाळंत होऊन राह्यल्या! बाहीर न्हाई ढकलायचं. लघवी रोखतो तसं आवळून वर वढायचं. दम कोंडू नका. आन् मंग बिलकुल सैल सोडायचं."

झुंबरबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन महिने आपण आपल्याच हातानं दुखणं वाढवलं, आणि हे कळायला हिच्यापुढं आडवं पडावं लागलं. तरी ती रोज करू लागली. बरोबर तीसच.

महिन्यानं मॅडमनी तपासलं. "छान फरक आहे. व्यायाम चालू ठेवा, पिशवी काढायची गरज नाही. एकदा ऐकून बऱ्याच जणींचं चुकतं, तुम्हाला इतकं बरोबर कुणी शिकवलं?"

संध्या शेजारीच बसली होती. झुंबरबाई तिच्याकडं न बघता म्हणाली, "तुमीच की मॅडम."

"व्हय, मॅडमनीच," संध्या म्हणाली, आणि थोरलीची पिशवी वाचली म्हणून डोळ्याला पदर लावला.

झुंबरबाईला तेही सहन झालं नाही. इतकं चांगलं तिला स्वतःला कधी होता आलं नसतं.