सैराकानची खोली

किर्गिझस्तानातल्या कोचकोर गावच्या शाळेत सैराकान स्वयंपाक करायची. तिची सात वर्षांची मेरिम सकाळी उठली की ओकायची, भिंत धरून चालायची. जंतांची औषधं देऊन झाली. शेवटी राजधानीत, बिश्केकच्या इस्पितळात, डोक्यात गाठ सापडली, भराभर वाढणारी. ऑपरेशन करून ती काढली.

मुकाम्बेत नावाचे तिचे सासरे घोडीचं आंबवलेलं दूध घेऊन भेटायला आले. "गाठ गेली ना? मग पोरीला किरणांनी भाजायचं कशाला? चल कुरणावर. खडखडीत होईल."

सैराकाननं डॉक्टर दामिराला गाठलं. "ताई, खरं सांगा. किरणं नाही दिली तर?"

"गाठीचं बी मेंदूच्या पाण्यातून पाठीच्या कण्यापर्यंत सांडलेलं असतं. नुसत्या ऑपरेशनवर ती बहुधा परत येतेच."

"आणि दिली तर?"

"बरीच मुलं जगतात, सगळी नाही. पण उंची खुंटेल, अभ्यास जड जाईल. हे लपवणार नाही मी."

सैराकान जिन्यात बसून पोटभर रडली. मग सासऱ्यांपुढे उभी राहिली. "बाबा, नात बुटकी राहिली तर चालेल तुम्हाला?"

म्हाताऱ्यानं दुधाचं भांडं बाजूला ठेवलं. "आपली घोडी कुठं उंच आहेत? तीच डोंगर चढतात. दे किरणं."

इस्पितळाजवळ खोली घेऊन सैराकान राहिली. मेरिमचे केस गेले, अन्न जाईना. किरणं संपली, मग सलाईनमधून जहाल औषधं सुरू झाली. सैराकान इतर आयांसाठीही रस्सा करू लागली. त्यांतली ओश शहराहून आलेली झूरा लेकाचे उपचार अर्ध्यावरच सोडून निघाली. "माझा लेक हसतोय, खेळतोय. झाला बरा."

सैराकान तिच्या बोचक्यावरच बसली. "हसतोय म्हणूनच थांब, बाई. बी आत उरलं तरी पोर हसतंच. उठव मला, मग जा!"

झूरा रागावली, शिव्या दिल्या, पण राहिली. तिचा लेक उपचार पूर्ण करूनही वाचला नाही. दोन वर्षांनी गेला. सैराकानला वाटलं, आता ही माझं तोंडही बघायची नाही. पण त्या शरद ऋतूत झूरा मनुकांची पिशवी घेऊन दारात आली. म्हणाली, "त्या दोन वर्षांत तो शाळेत गेला, ताई. पोहायला शिकला. सरक, कांदा मी चिरते."

मेरिम आता एकोणीस वर्षांची आहे. आईच्या खांद्याला लागते, हिशेबात गोंधळते, पण कणीक अशी मळते की शेजारणी तिच्याकडेच रोट्या मागतात. सैराकाननं ती खोली सोडलेली नाही. नवी आई आली की आधी वाडगा पुढे करते आणि म्हणते, "खा. मग डॉक्टरांना काय काय विचारायचं ते बोलू."