बिनबटनाच्या मजल्याचा कार्यभार

केंद्र सरकारच्या सेवेत आजवर जेवढे अधिकारी होऊन गेले, त्यांत एका भुताटकीच्या मजल्याचा अतिरिक्त कार्यभार इतक्या निष्ठेने सांभाळणारा माणूस एकच, आणि तो माझ्या मैत्रिणीचा बाप आहे. हे मी कौतुकाने लिहीत नाहीये, निदान सुरुवात तरी तशी करत नाहीये. मी चळवळीसाठी पत्रकं लिहिणारी मुलगी. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी वाशिमहून दिल्लीत मुनिरक्याला आले, तयारी सुटली आणि पत्रकं लागली. मला प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी एक मागणी लागते. जिथे मागणी नाही तिथे माझे पाय हलायला लागतात. लक्ष्मीबाई नगरच्या मैत्रिणीच्या सरकारी क्वार्टरमध्ये काकांसमोर बसल्यावर ते सतत हलत. मैत्रीण नोकरीसाठी पुण्याला निघून गेली तरी मी तिथे जात राहिले. कारण विचारलं तर मी काकूंच्या हातची मेथीची भाजी असं सांगते.

त्या मजल्याचं प्रकरण असं. 'बिना बटन की मंज़िल' नावाची एक भयकथा नेटवर हिंदीतून भागाभागाने यायची. नॉयडातल्या एका टॉवरची लिफ्ट कधीकधी अशा मजल्यावर थांबते, ज्याचं बटनच लिफ्टमध्ये नाही. मीनू नावाची कॉलेजातली मुलगी तिथे उतरते, मागे दार बंद होतं, आणि तिथेच 'क्रमशः' लिहून लेखक गायब झाला तो झालाच. कोण होता, कुठे गेला, कुणाला ठाऊक नाही. वाचणाऱ्या पोरांनी फॅन-पेज काढलं होतं. त्यावर चित्रं टाकली, सिद्धांत मांडले, एकमेकांना शिव्या घातल्या, आणि कंटाळून ती पांगायच्या बेतात होती. तेवढ्यात काकांनी पेजचा ताबा घेतला. मैत्रिणीने कधीतरी सहज वाचायला दिलेली कथा होती ती. मैत्रीण विसरून गेली. काकांना मात्र एकच गोष्ट चैन पडू देईना: एक मुलगी तिथे उभी आहे आणि तिच्या प्रकरणावर कुणीच बसलेलं नाही.

पेजवर काकांचं नाव 'कार्यवाहक', म्हणजे काळजीवाहू. पोरांना वाटतं हा डिझाइन शिकणारा, केस रंगवणारा कुणी टिंगलखोर मुलगा असणार, कारण इतक्या सरळ तोंडाने कुणी खरंच असं लिहीत असेल हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. एकाने मीनूच्या डोळ्यांतून रक्त वाहतंय असं चित्र टाकलं. खाली काकांचं उत्तर: "मूल कथा में रक्त का उल्लेख कहाँ है? कृपया भाग और अनुच्छेद सूचित करें." त्या पोराला ते इतकं आवडलं की त्याने ते वाक्य टी-शर्टवर छापून घेतलं. दुसऱ्या एकीने मीनूचं आणि 'कृपया दरवाज़ा बंद करें' म्हणणाऱ्या लिफ्टमधल्या आवाजाचं प्रेमप्रकरण रंगवलं. काकांनी ते फेटाळलं नाही, 'विचाराधीन' असा शेरा मारून ठेवलं, आणि ते आजतागायत विचाराधीन आहे. भांडणं मिटवताना ते दोन्ही पक्षांचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत लिहून काढत. ते एवढं लांब असे की ते वाचून होईपर्यंत दोन्ही पक्ष झोपून जात.

पण काकांची खरी सेवा म्हणजे रविवारचं चित्र. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते डायनिंग टेबलाशी बसत. निळं बॉलपेन, स्टीलची पट्टी, आणि तो मजला. भिंती, फरशा, बंद लिफ्ट, सगळं मोजून मापून, आणि एका कोपऱ्यात मीनू. पेजवरचे बाकीचे चित्रकार तिच्यामागे लांब नखांच्या सावल्या उभ्या करत. काका तिला वस्तू पुरवत. दिल्लीत थंडी पडली की मीनूला रजई. दिवाळीच्या आसपास हवा घशाला लागू लागली की मास्क. एअर प्युरिफायर द्यावा का, यावर त्यांचा बराच खल झाला. शेवटी मजल्यावर प्लग असल्याचा पुरावा नाही म्हणून तो प्रस्ताव बारगळला.

"पोरीची बारावी होती तेव्हा हे संसदेच्या अधिवेशनाच्या ड्यूटीवर," काकू एकदा मेथी निवडत मला म्हणाल्या. "एक दिवस घरी थांबले नाहीत. आणि आता मीनूला रजई, मीनूला मास्क. विचार गं त्यांना, खाते काय ती?"

काकांनी पेन थांबवलं. "अच्छा. हा मुद्दा राहिलाच."

पुढच्या रविवारी मीनूशेजारी तीन पुडांचा डबा आला. काकूंनी चष्मा लावून चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "पोळ्या जाड काढल्यात."

त्या दिवसांत आमची मोहीम नॉयडातल्या टॉवरांतल्या लिफ्टबद्दलच होती. कथेतल्या नव्हे, खऱ्या. घरकाम करणाऱ्या बायकांना रहिवाशांच्या लिफ्टने जायची बंदी. त्यांच्यासाठी सामानाची एक लिफ्ट, त्यातच कचऱ्याचे डबे, आणि ती बंद पडली की बाईने धुणीभांड्यांआधी जिने चढायचे. पत्रकावर लिफ्टचं चित्र हवं होतं. काकांना म्हटलं, काढून द्या. त्यांनी विचारलं, "क्षमता किती व्यक्तींची?" मी म्हटलं, काका, बाईला आत घेत नाहीत हाच मुद्दा आहे, क्षमतेचं काय घेऊन बसलात. त्यांनी काढून दिलं. सुरेख काढलं, क्षमतेच्या पाटीसकट. एका सोसायटीच्या गेटवर मी ते वाटत होते तर शाळेच्या गणवेशातली दोन मुलं थांबली.

"दीदी, ये तो कार्यवाहक का है. कौन सा पार्ट है?"

"तुम्हारे घर जो आंटी बर्तन माँजती हैं ना, उनका पार्ट है."

त्यांनी गठ्ठाच नेला. संध्याकाळी आमचं पत्रक पेजवर 'नया सबूत' म्हणून फिरत होतं. बटन नसलेला मजला म्हणजे कामवाल्यांना नाकारलेली लिफ्ट, म्हणून मीनू ही कामवाली होती, असा सिद्धांत त्याखाली तयार. मी तरातरा लक्ष्मीबाई नगर गाठलं. म्हटलं, "काका, खोट्या लिफ्टमधल्या खोट्या मुलीसाठी ही पोरं हळहळतात, आणि खऱ्या लिफ्टबाहेर उभ्या असलेल्या बाईसाठी एक सही देत नाहीत. लाज वाटते मला."

"विषय पटलावर तर आला," काका म्हणाले. "आमच्याकडे तेवढ्यालाच वर्षं जातात."

"मग तुम्ही तरी तुमचा विषय संपवा. उघडा ते दार. काढा तिला बाहेर. पट्टी तुमची, पेन तुमचं."

"तो अधिकार लेखकाचा. कार्यवाहकाने रोजचं कामकाज चालवायचं असतं. धोरणात्मक निर्णय घ्यायचा नसतो."

"लेखक पळून गेलाय."

"रजेवर आहे असं समजावं लागतं. राजीनामा आलेला नाही."

पाय हलवत मेथीची भाजी खाल्ली आणि परत आले.

मग काकांचा उजवा हात थरथरू लागला. आधी चहाच्या कपात कळलं, मग सहीत, आणि शेवटी पट्टीने ओढलेल्या रेघेत. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी थोडा आवरेल, जाणार नाही. त्या रविवारी मजल्याच्या भिंती पहिल्यांदाच हलल्यासारख्या आल्या, आणि पेजवर नुसता गोंधळ उडाला. इतक्या वर्षांत कुठल्याही चित्राला अशी वाहवा मिळाली नव्हती. भाई, मंज़िल काँप रही है. काहीतरी येतंय. काकांनी तातडीने खुलासा टाकला: "कंपन मंज़िल में नहीं, मेरे हाथ में है." झालं. ते वाक्य तर पोरांना फारच भयानक वाटलं. कार्यवाहकच त्या मजल्यावर अडकलेला आहे, असा नवा सिद्धांत निघाला. काकांनी खुलाशाचा खुलासा दिला, त्याचीही पोस्टरं झाली. खरं सांगणाऱ्या माणसाचं कुणी ऐकत नाही याचा मला चांगलाच अनुभव आहे, पण खरं सांगितल्याबद्दल इतक्या टाळ्या पडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

टाळ्यांचं काकांना काही नव्हतं. पण आठवड्याभरात जो तो मजल्यावर येणार असलेली 'ती गोष्ट' चित्रांत काढू लागला. लिफ्टच्या फटीतून बोटं, छतावरून केस, आणि मधोमध मीनू, काकांनीच दिलेली रजई डोक्यावरून ओढून घेतलेली. मी गेले तेव्हा काका टेबलाशी बसायचे, उठायचे, खिडकीशी जायचे, परत बसायचे. माझे पाय त्या दिवशी स्थिर होते. हलायचं काम काकाच करत होते.

"माझ्या हातामुळे ती पोर घाबरतेय," ते म्हणाले.

मी खोटी पोर, खोटी भीती असं काहीतरी बोलणार होते. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि गप्प बसले. आयुष्यात मी इतकी कमी वेळा गप्प बसलेय की काकूंनीही वळून पाहिलं.

मग काका खुर्ची ओढून ताठ बसले. "जीविताला धोका असेल तर कार्यवाहकाला कारवाई करता येते. मंजुरी नंतर घ्यायची." आणि माझ्याकडे न बघता, "पट्टी धरशील का जरा?"

मी पट्टी धरली. घोषणा देऊन राठ झालेल्या माझ्या गळ्याचा तिथे काही उपयोग नव्हता, बोटांचा होता. पट्टी माझ्या बोटांखाली घट्ट, तिच्या कडेने त्यांचं पेन ठेचकाळत चाललेलं. लिफ्टचं दार उघडं. आत दिवा. दारावरच्या छोट्या चौकटीत तळमजल्याचं अक्षर. मजल्यावर घडी घातलेली रजई, धुऊन पालथा घातलेला डबा. मीनू नाही. खाली त्यांनी डाव्या हाताने मनगट धरून लिहिलं: 'कार्योत्तर स्वीकृति की प्रत्याशा में.'

पेजवर अर्धे रडले. अर्धे म्हणाले, लेखकाने लिहिलेलं नाही, आम्ही मानत नाही. 'ती गोष्ट' काढणाऱ्यांनी काही दिवस रिकाम्या मजल्यावर बोटं आणि केस काढून पाहिले, पण घाबरायला कुणी उरलं नव्हतं. हळूहळू पोरं दुसऱ्या कुठल्या कथेकडे गेली.

काका कुठे गेले नाहीत. रविवारी आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, टेबल. फक्त समोर कागद नसतो, पेज उघडलेलं असतं. लेखकाची मंजुरी आली का बघतात. परवा मी गेले तर पेज दोनदा वरखाली केलं. मग एकदम म्हणाले, "पोचली असेल ना गं ती घरी?"

"पोचली, काका."

"कशावरून म्हणतेस?"

माझ्याकडे आधार काहीच नव्हता. आधाराशिवाय मी पत्रकात स्वल्पविराम टाकत नाही. म्हटलं, "पोचली नसती तर तुमच्याकडेच परत आली असती. दुसरं कुणाला ओळखते ती?"

त्यांनी यावर नीट विचार केला. मान दोनदा हलवली. काकूंनी चहा आणला आणि कप त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला.