अक्कांची जाळी

माझ्या नणंदेला सगळे अक्का म्हणतात. गिऱ्हाइकं म्हणतात, दुरुस्तीवाला म्हणतो, त्यांचा सख्खा भाऊ म्हणजे माझा नवराही म्हणतो. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती आणि बोलणं अगदी मोजकं होतं. घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचा गाद्यांचा कारखाना. कारखाना म्हणायचं आपलं. एक लांबट खोली, कोपऱ्यात कापूस पिंजायचं यंत्र आणि मधोमध मांडी घालून बसलेल्या अक्का, हातात वीतभर लांब दाभण. तयार गाद्या माझा नवरा टेम्पोतून पोचवायचा. मी वरच्या खोलीत कॉम्प्युटरवर शाळेच्या पुस्तकांची पानं लावायचे.

खाली यंत्र सुरू झालं की कापसाचे बारीक तंतू जिन्यानं वर यायचे. चहात, केसांत, पापण्यांवर. त्याची मला सवय झाली. कॉम्प्युटरला झाली नाही. एका दुपारी तो आपोआप बंद पडला तो पडलाच.

दुरुस्तीवाल्यानं खोका उघडला आणि त्याला हसू आवरेना. "वहिनी, तान्ह्या बाळाची उशी भरेल एवढा कापूस आहे की यात!"

खरंच होतं. पंख्यांची पाती करड्या लोकरीत गुंडाळल्यासारखी दिसत होती. त्यानं ब्रशनं सगळं साफ केलं आणि जाता जाता बजावलं, "पंख्यांना जाळ्या बसवा, नाहीतर याची जागा बदला. असंच चाललं तर हा फार दिवसांचा सोबती नाही."

"चौकापलीकडे एखादी खोली भाड्यानं बघू," नवरा म्हणाला. "तू तिकडे बसून काम कर."

मी नाही म्हटलं नाही. तेवढ्यात जिन्यात अक्का दिसल्या. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. "चहा ठेवलाय," एवढंच म्हणून त्या खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात जाऊन आले तर कॉम्प्युटरला अंगरखा चढवलेला! पुढं, मागं, खाली, जिथं जिथं भोक होतं तिथं गादीच्या खोळीचं जाड कापड, काठाला सुबक टीप.

"आता एक तंतू आत जायचा नाही," अक्का म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी क्वचितच पाहिला होता, म्हणून मी तसाच तो सुरू केला. थोड्या वेळानं आतले पंखे किंचाळायला लागले आणि पडदा काळा झाला. लावत आणलेलं पान गेलं.

"अहो अक्का, त्याचा श्वासच कोंडलाय!" माझा आवाज चढलाच.

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं," असं पुटपुटून त्या निघून गेल्या. संध्याकाळी जेवायलाही आल्या नाहीत. मी ताट घेऊन खाली गेले, तर त्या तेच कापड मांडीवर घेऊन टाके उसवत बसलेल्या.

"अक्का, चुकलं माझं. जेवा बरं."

त्यांनी ताट बाजूला ठेवलं. मग मान वर न करताच बोलायला लागल्या. "आमची आई खोकून खोकून गेली. तुझा नवरा तेव्हा एवढासा होता. इथंच खेळायचा, कापसात. मी त्याच्या नाकाला बांधायला फडकं शिवलं, असंच जाड. पोरगं गुदमरलं, ओरबाडून फेकून दिलं त्यानं. मग मलमलीचं शिवलं, झिरझिरीत, तेव्हा कुठं ठेवलं त्यानं तोंडावर. एवढं शिकलेली मी, पण विसरले बघ. तू जाणार म्हणून ऐकलं आणि घाई केली."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि उरलेले टाके उसवू लागले.

सकाळी त्या आपणहून वर आल्या, चिमटीत कापूस घेऊन. "सुरू कर," म्हणाल्या. पुढच्या पंख्यापाशी कापूस धरला तर तो चटकन भोकांना चिकटला. मागच्या पंख्यापाशी धरला तर भुर्रकन उडून माझ्या नाकावर बसला. आम्ही दोघी खो खो हसलो.

"म्हणजे श्वास पुढून घेतो, सोडतो मागून," अक्का म्हणाल्या. "मग मागचं मोकळंच ठेवू."

जुन्या मच्छरदाणीचे तुकडे निघाले. जाळी काढता-घालता यावी म्हणून नवऱ्यानं भंगारातल्या फ्रिजच्या दाराची रबरी पट्टी आणली. तिच्यात चुंबक असतं. अक्कांनी ती काठाला शिवली. जाळी पत्र्याला टपकन चिकटली. अर्धा दिवस आम्ही हात लावून लावून खोका तापतोय का बघत होतो, तापानं फणफणलेल्या पोराचं कपाळ बघावं तसं. तापला नाही.

भाड्याच्या खोलीचा विषय मग कुणी काढला नाही. दर आठवड्याला अक्का जाळ्या धुवायला वर यायच्या. धुऊन झाल्या की वाळेपर्यंत बसायच्या. कापूस कुठून येतो, माझं माहेर कसं, त्यांना एकदा कोण बघायला आलं होतं आणि त्याच्या मिशा कशा होत्या, असलं काय काय त्या वेळात निघायचं.

मागच्या वर्षी अक्कांचाच खोकला बळावला. डॉक्टरांनी खालच्या खोलीत बसायची बंदी केली. यंत्र परसातल्या शेडमध्ये गेलं, तिथं आता दोन बायका काम करतात. अक्का माझ्या खोलीत खिडकीपाशी बसून उशांचे अभ्रे शिवतात. दुपारी पंख्यांच्या घुंईं आवाजानं त्यांना पेंग येते, शिवण मांडीवरच राहतं.

"अक्का कुठंय?" नवरा जिन्यातूनच ओरडतो.

"हळू बोला," मी म्हणते, आणि त्यांच्या हातातली सुई अलगद काढून घेते.